इस्मेतचं बटाट्याचं पोतं

शेमसामावशीला गाडी कशी चालवावी हे शिकवायची कुणाची छाती नव्हती. बोस्नियातल्या त्या डोंगरावर वाडीवाडीत जन्मभर इंजेक्शनं देत फिरलेली नर्स ती. निवृत्त झाली तरी कुणाला ताप चढला, की तिची छोटी लाल गाडी खडखडत हजर! पण गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून ती गाडी दोनदा रस्त्याकडेच्या चरात गेली, आणि ऑस्ट्रियात नोकरी करणाऱ्या मुलानं, नेर्मिननं, फोनवर बजावलं, "आई, आणखी एकदा गेलीस ना, तर येऊन किल्ली काढून घेईन." किल्ली गेली म्हणजे मावशी घरात कोंडलीच की.

म्हणून बर्फ पडायच्या आत ती हाकियाच्या टायरच्या दुकानात येऊन उभी राहिली.

"बर्फाचे टायर दे. दोन. मागे लावायला."

"चार घे मावशी," हाकिया म्हणाला. "मागची चाकं ढकलतील गं, पण गाडी वळवणार कोण?"

"मला शिकवतोस? इंजिन मागे, म्हणून टायर मागे. पुढच्या डिकीत वजनाला बटाट्याचं पोतं. माझा नवरा इस्मेत आयुष्यभर असाच डोंगर उतरला, कध्धी चरात गेला नाही. आता गेलेल्या माणसाला खोटं पाडू?"

हाकिया मान खाली घालून जॅक पुसत राहिला. शेवटी त्याला राहवेना. "मावशी, ते पोतं कधी घरी परत यायचं का गं?"

"कसलं येतंय! हात सढळ त्याचा. वाटेत कुणा गरिबाला देऊन टाकायचा."

"तो गरीब म्हणजे आमचे बाबा. दर हिवाळ्यात ट्रॅक्टर लावून काकांना चरातून ओढून काढायचे. 'शेमसाला सांगाल तर बघा' म्हणत काका पोतं आमच्या दारात टाकायचे. तुझ्याच बटाट्यांवर वाढलोय मी."

मावशी आ वासून बघत राहिली. मग जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अगं बाई! लबाड मेला! आणि मी गावभर त्याच्या दानधर्माचे गोडवे गात फिरले! लाव, चारही लाव."

पोतं मात्र तिनं डिकीत ठेवलंच. सवय ती सवय. बटाटे गोठू नयेत म्हणून ते संध्याकाळी घरात ओढून आणायची. रस्ते काचेसारखे झाले, तरी गाडी एकदाही घसरली नाही. नेर्मिनचा फोन आला की म्हणायची, "मला काय विचारतोस? बटाट्यांना विचार."

बर्फ वितळल्यावर तिनं पोतं उघडलं. बटाट्यांना कोंब फुटले होते. इस्मेतची अशी काही आठवण आली, की तिला घरात बसवेना. पोतं तसंच बांधून ती हाकियाच्या म्हाताऱ्या बाबांच्या दारात गेली.

"भावोजी, यंदा ट्रॅक्टरला काम दिलं नाही," पोतं उंबऱ्याशी टेकवत ती म्हणाली. "पण हे घ्या, आणि खरं सांगा. चरात अडकला की काय काय बोलायचा हो तो?"