ब्राह्ममुहूर्ताचा चहा

"आमच्याकडे ब्राह्ममुहूर्तावर उठतात सगळे," मला पाहायला आलेल्या काकू म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या सुनेने हाताआड जांभई लपवली. शेजारी बसलेले दोघे मुलगे मात्र टवटवीत दिसत होते. मला शंका आली.

पहाट मलाही आवडते. त्या वेळी आपल्याकडून कुणाला काही नको असतं. ऋषी तेव्हाच ध्यानाला बसत म्हणतात. त्यांच्याकडे कुणी चहा मागत नसावं. पण पहाटेचं महत्त्व सांगणारं माणूस आणि गॅस पेटवणारं माणूस एकच असतं का?

"तूही उठशील ना गं?" काकूंनी विचारलं. आईने मला डोळ्यांनीच 'हो म्हण' असं खुणावलं.

मी हळूच विचारलं, "सगळे म्हणजे कोण कोण, काकू?"

काकू पोह्यांतले दाणे बाजूला काढत राहिल्या. थोरली सून हसून म्हणाली, "सध्या मी एकटीच. तू आलीस की दोघी होऊ."