आतोबांचं धोतर आणि अकरा जोडी बूट

माणसाच्या तोंडाकडे न बघता अख्खं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही भाचेमंडळी त्यांना आतोबा म्हणायचो. आतोबा बघायचे ते पाय. समोरचा माणूस कुणाचा कोण, हसतोय की रडतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. तळवा सपाट की कमानदार, अंगठा आत वळलाय की बाहेर, एवढं पाहिलं की त्यांच्या लेखी ओळख झाली. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हा पोहे यायच्या आधीच ते मुलाला म्हणाले, "जावईबापू, जरा मोजे काढा." मुलगा बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. त्यानं मुकाट्यानं मोजे काढले. आतोबांनी वाकून दोन्ही तळवे निरखले आणि माझ्या वडिलांना भर बैठकीत सांगितलं, "हाफ बॅक आहे. धावपळ फार करील, पण पायातला चेंडू सोडणार नाही. द्या मुलगी." मुलगी दिली. मेव्हण्यानं आजवर हातचं काही सोडलेलं नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

स्वतः आतोबा एके काळचे फुल बॅक. परळच्या एका गिरणीकडून ते अनवाणी खेळत. त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या बाजूनं कधी गोल झालाच नाही, झाले ते सगळे दुसऱ्या बाजूनं. मग गुडघा गेला, खेळ सुटला, गिरणी सुटली, आणि ते कांजूरमार्गच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. स्टोअर आपलं नावाला. खरं काम म्हणजे कारखान्याच्या फुटबॉल संघाचे कोच. मी तिथंच कारकून होतो. संघात घ्या म्हणून मागे लागलो, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही सपाट तळवे उलटून पाहिले आणि म्हणाले, "बरं, हात बघू." अशा रीतीनं मी गोलकीपर झालो.

अंगात काळा कोट, खाली धोतर, गळ्यात पितळी शिट्टी आणि पायात काही नाही, अशा थाटात ते मिठागरांच्या कडेच्या आमच्या मैदानावर उभे राहत. शिट्टी घरीही गळ्यातच. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत नळावर दोन बायका भांडायला लागल्या की गॅलरीतून शिट्टी वाजे, आणि निकाल दोघींना मान्य करावा लागे. धोतराचं मात्र मला कोडं होतं. भर उन्हात धोतर, चिखलात धोतर, डोक्यानं चेंडू कसा मारायचा ते दाखवतानाही धोतर. "आतोबा, चड्डी घाला ना, सोपं पडेल," असं मी एकदा म्हटलं, तर ते असे काही गोरेमोरे झाले की मी विषयच सोडला.

आणि मग एका वर्षी फतवा निघाला की लीगमध्ये बूट सक्तीचे. झालं! आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. "पायाला डोळे असतात रे. त्यांच्यावर झापडं बांधायची?" पण करतात काय? साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, अकरा जोडी बूट आणवले. ते बूट होते की लाकडाचे ओंडके, देव जाणे. पोरांच्या पायांना फोड आले, आणि आम्ही लागोपाठ हरत सुटलो. शेवटचा एक सामना उरला तेव्हा साहेबांनी आतोबांना बोलावून सांगितलं, "हा हरलात तर संघ बंद. मैदानावर गोदाम बांधायचंय." बरोबरी झाली तरी आम्ही तरत होतो. पण बरोबरी करणार कोण, आणि कशी?

त्याच सुमारास चाळीत खालच्या मजल्यावरचे पेन्शनर तणतणत वर आले. "काय हो, घोडा बांधलाय का वर?" घोडा नव्हता, आतोबा होते. पन्नाशीचा माणूस धोतराखाली बूट चढवून स्वयंपाकघर ते गॅलरी चालायला शिकत होता. दोनदा आपटले. एकदा पाण्याची घागर लवंडली. आत्या वैतागून म्हणाली, "तुम्हाला आता कुठं खेळायचंय?" आतोबा चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत शिरत. म्हणाले, "जां माका येणा नाय, तां पोरांका कसा शिकवू?" मी तेव्हा खो खो हसलो होतो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आता आमच्याकडे उसळ म्हणजे काळ्या वाटाण्यांची. आत्यानं एकदा डबा गच्च भरून वाटाणे भिजत घातले. ते असे फुगले की डब्याचं झाकण उडून आतोबांच्या पुढ्यात पडलं. झाकण उडालं तिथंच आतोबांना उपाय सापडला. अकराच्या अकरा जोड्यांत त्यांनी भिजवलेले वाटाणे ठासले, नाड्या आवळल्या आणि वरून खोबरेल चोपडलं. वाटाणे फुगतील, चामडं सैल होईल. झालंही. एक दिवस पुरला असता, पण आतोबांनी खात्रीसाठी दोन दिवस ठेवले, आणि बूट गोराईच्या होड्यांसारखे ऐसपैस झाले. आत्या विचारत होती, "आता ही उसळ खाणार कोण?"

सामन्यात पाचव्याच मिनिटाला आमच्या सेंटर फॉरवर्डनं तडाखा हाणला. चेंडू जागच्या जागी राहिला, बूट उडाला, आणि समोरच्या गोलकीपरनं तो झकास झेलला. लोक हसून लोळले. थोड्या वेळानं आमचा फुल बॅक स्वतःचा बूट शोधत असताना आमच्यावर गोल झाला.

मध्यंतराला आतोबा मटकन खाली बसले. एक बूट उलटा केला, तर आतून मोड आलेला वाटाणा पडला. तो तळहातावर घेऊन ते म्हणाले, "वाट लावलंय रे मी तुमची. माझ्याच हातान." मी म्हटलं, "आतोबा, बूट पायाला बांधू या ना. काही चिंध्या, दोरी?" दोरी नव्हती. आतोबांनी साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं, जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, मग उठले आणि सरळ धोतर सोडलं. आम्ही माना वळवल्या. पण वळवायची गरज नव्हती. धोतराच्या आत निळी चड्डी होती. गिरणीच्या संघाची, विटलेली, दोन ठिकाणी रफू केलेली, आणि तरी कडक इस्त्रीची.

"काय बघताय मेल्यांनो? फाडा!"

धोतराच्या पट्ट्या झाल्या. पायांना गुंडाळून, बुटांवरून आवळून पोरं मैदानात उतरली आणि खेळली, अहो, काय खेळली! सेंटर फॉरवर्डनं गोल फेडला. या वेळी चेंडूच गेला. शेवटच्या क्षणी त्यांचा एक गडी माझ्यासमोर एकटा आला. मी चुकीच्या बाजूला झेपावलो आणि डोळेच मिटले. चेंडू मागे राहिलेल्या माझ्या बुटातल्या सपाट तळव्यावर आदळला आणि बाहेर गेला. रेफ्रीची शिट्टी झाली. आतोबा चड्डीत नाचत ओरडत होते, "पायाला डोळे असतात! सांगत नव्हतो?" माझा जीव भांड्यात पडला. साहेब हसून हसून डोळे पुसत म्हणाले, "संघ राहील. पण वाटाणे घरी ठेवा."

परतताना मी विचारलं, "ही चड्डी रोज घालता?"

"एखादा गडी कमी पडला असता तर?"

"अकरा वर्षं कोच आहात, पडला कधी?"

त्यांनी गुडघा चोळला. "कोण कमी पडलोच नाय रे," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर आत्या ती निळी चड्डी धुऊन पिळून गॅलरीतल्या दोरीवर घालत होती, सगळ्या चाळीसमोर. मला बघून म्हणाली, "अकरा वर्षं आत माझ्या लुगड्याखाली वाळवली रे, कुणाला दिसायला नको म्हणून. म्हटलं, आज तिला ऊन लागू दे." आतोबा दारात उभे होते. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवायचं सुचत नव्हतं. आणि मी पहिल्यांदाच बघत होतो, ते पायांकडे बघत नव्हते. आत्याच्या तोंडाकडे बघत होते.