शेवटच्या गाडीचा आवाज

खाऱ्या पिठल्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नातवंडं जमली की मीच सांगते, आणि दरवेळी नवीन असल्यासारखी हसतात. पण ती गोष्ट मी जिथं थांबवते तिथं ती संपत नाही. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा ओठांवर आणलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी हसायचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट. घाटातून मालमोटारी अजून सर्रास जात नव्हत्या. आमचं गाव मोहोळजवळ. घरी मेंढरं, लोकरीचं काम, आणि सासरच्या माणसांचा जुना धंदा म्हणजे कोकणात घोंगड्या विकायला जायचं. शिमगा झाला की सात बैलगाड्या निघायच्या. मिरज, कोल्हापूर करत घाट उतरायच्या, आणि मग समुद्राच्या कडेकडेनं गावोगाव फिरायच्या. तिकडं पाऊस दांडगा, पेरणीआधी जो तो घोंगडी घेतो. येताना आमसुलं, सुपारी, काथ्याचे दोर घेऊन पावसाच्या आत परत. दोन-अडीच महिने सात गाड्या म्हणजे एक घर. कुणाच्या चुलीवरची भाकरी कुणाच्याही पानात.

पुढच्या गाडीवर माझे मामंजी. त्यांचा शब्द सगळ्यांवर. सहावी गाडी आमची — नवरा बैलांच्या पुढं दावं धरून चालायचा, मी मागच्या बाजूला पाय सोडून बसायची. आणि सातवी गाडी गौराक्काची.

गौराक्का विधवा. चाळिशीची असेल. नवरा गेल्यावर दिराला गाडी दिली नाही, स्वतः हाकायला लागली. दोन बैल, हरण्या आणि पाखऱ्या. त्यांच्याशी दिवसभर बोलायची, भांडायचीसुद्धा. तिची गाडी कायम शेवटी. विधवेची गाडी पुढं नको, एवढंच कारण. सहा गाड्यांची धूळ खायची आणि संध्याकाळी पदर झटकून म्हणायची, "आज तुमच्या सगळ्यांची माती पोटात गेली बगा. आता मला न जेवता चालंल." अशी बाई. तोंडाची फटकळ, पण तिच्याभोवती माणसं बसायची.

मी नवीन. अठराची असेन. पहिलीच खेप. घाट उतरल्यावर तिसऱ्या दिवशी समुद्र दिसला. काय सांगू तुम्हाला! आमच्याकडं हंडाभर पाण्याला अर्धा कोस चालायचं, आणि हे एवढं पाणी — नुसतं सांडलेलं, कुणी भरायला नाही! मी हंडा घेऊन पळाले. पाणी खारं असतं हे कानावर होतं. पण खारं म्हणजे काय, आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते तसं असेल, असं मला वाटलं. त्या पाण्यात मी चौदा माणसांचं पिठलं केलं. वर सवयीनं मीठही घातलं.

पहिला घास मामंजींनी घेतला. घास तोंडात तसाच धरून समुद्राकडं बघत राहिले. गौराक्कानं बोट लावून चाटलं आणि अशी हसली की पाखऱ्यानं कान टवकारले. "अगं ए, समिंदर आटवलास की गं! उद्या कोळी इचारायला येतील, आमची मासळी कुनी तव्यावर ठेवली?"

इथपर्यंतची गोष्ट नातवंडांना माहीत आहे.

त्या दिवसापासून तिनं माझं नाव खारी ठेवलं. "खारे, पानी आन. खारे, बैलाला पाज, पर आदी चाखून बग." जिथं मुक्काम पडेल तिथं, जी बाई घोंगडी बघायला येईल तिला, पिठल्याची गोष्ट. कोकणातल्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या, आमचे गडी हसायचे, एक दिवस माझा नवरासुद्धा हसला. तो हसला ते मला फार लागलं. आज वाटतं, त्यात वाईट काय होतं? सगळ्या तांड्यात तीच मला जवळ घेऊन बसायची, पायातला काटा तिनंच काढला होता, घाटात मला ओकाऱ्या झाल्या तेव्हा डोकं तिनंच धरलं होतं. पण अठराव्या वर्षी काटा काढलेला लक्षात राहत नाही, हसलेलं राहतं. माझ्या मनात गाठ बसली — हिला एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं.

आता आमची एक रीत सांगते. सगळं त्या रीतीवरच अडलं आहे.

अवघड जागा आली — ओढा, घाटातलं वळण, वाळूचा टापू — की पुढची गाडी थांबायची. मामंजी हाळी द्यायचे, "मागं हाय का?" ती हाळी गाडीगाडीनं मागं जायची. शेवटच्या गाडीतून "हाय!" असा आवाज निघायचा आणि तसाच गाडीगाडीनं पुढं यायचा. तो आल्याशिवाय पुढचं चाक हलायचं नाही. शेवटची गाडी अडली असेल तर सगळ्या गाड्या थांबायच्या, गडी मागं पळायचे. खोटी हाळी देणाऱ्याला पुन्हा रांगेत जागा नाही — हे सांगायचीसुद्धा गरज नसायची. समुद्राच्या कडेला तर ती रीत जास्तच हवी. वारा आणि लाटा यांच्यात तीन गाड्यांपलीकडचं काही ऐकू येत नाही. माझ्या मागचा आवाज पुढं द्यायचं काम माझं होतं. फक्त माझं.

मग एके दिवशी दुपारी आम्ही वाळूवरून चाललो होतो. मध्ये डोंगराचं एक नाक समुद्रात आलेलं. ओहोटी असताना त्याच्या पायथ्यानं गाडीपुरती वाट होते, भरतीला ती पाण्याखाली जाते. सकाळी एका कोळणीनं बजावलं होतं, पाणी फिरायच्या आत नाक ओलांडा. आम्ही मान डोलावली. पण खरं सांगू? ते आम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही सीना नदीच्या काठची माणसं. आमच्याकडं पाणी वाढायचं तर आधी आभाळ भरतं, वर कुठंतरी पाऊस होतो, मग गढूळ लोंढा येतो, आणि गावाला आधी चाहूल लागते. इथं तर लख्ख ऊन! कोरड्या आभाळाखाली पाणी कसं वाढेल?

पुढची गाडी नाकापाशी थांबली. हाळी आली. "मागं हाय का?"

मी मागं बघितलं.

गौराक्काची गाडी बरीच मागं उभी होती. ती खाली उतरून चाकाशी वाकली होती. कण्याची खीळ निसटली असावी, चाक बाहेर आल्यासारखं दिसत होतं. मग ती उभी राहिली आणि तिनं — हे मला लिहायचं आहे, यासाठीच एवढं सगळं लिहिलं — तिनं हात वर केला. उजवा हात. पदर हातात धरून दोनदा हलवला. थांबा, असं.

मला दिसलं. ऊन डोळ्यांवर नव्हतं, धूळ नव्हती, मध्ये काही नव्हतं.

मी पुढं तोंड केलं आणि ओरडले, "हाय!"

का? किती वर्षं विचारते आहे मी मला. एवढंच होतं मनात, की राहू दे मागं घटकाभर. येईल धापा टाकत, सगळे जेवायला बसल्यावर. मग मी म्हणेन, "काय गौराक्का, झोप लागली व्हती काय वाटंत?" वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं मी. ते वाक्य तोंडात घोळवत मी हसत होते, तेव्हा आमची गाडी नाकाला वळसा घालून पलीकडं गेली आणि ती दिसेनाशी झाली.

पलीकडं माडांच्या सावलीत गाड्या सोडल्या. चुली पेटल्या. माझ्या भाकऱ्या झाल्या तरी ती आली नाही. मी मधूनमधून नाकाकडं बघत होते — आणि बघता बघता वाट बारीक झाली. मग लाटा खडकाला लागायला लागल्या. मामंजी उठले. "गौरा कुटं हाय?" आणि सगळे पळाले. मीही पळाले.

तिनं खीळ बसवून गाडी हाकली होती. पण तोवर वाळू भिजून मऊ झाली होती, चाकं तुंब्यापर्यंत, अर्धी रुतलेली. पाणी बैलांच्या पोटाला लागत होतं. पाखऱ्याच्या मानेचा जुंपणीचा दोर तिनं विळ्यानं कापला होता, तो पोहत कडेला लागला. हरण्या समुद्राच्या बाजूचा. त्याच्या दोराची गाठ भिजून आवळली होती. ती विळा घेऊन त्याच्या मानेशी लोंबकळत होती, लाट आली की दोघंही दिसायची नाहीत. गड्यांनी तिला ओढून काढली. हरण्या जुवासकट गेला. मालाच्या घोंगड्या सुटून पाण्यावर पसरल्या — काळ्या, लांबून म्हशी डुंबत असाव्यात तशा. गौराक्का त्यांच्याकडं बघतच नव्हती. एकाच जागेकडं बघत होती.

माडांखाली पंचायत बसली. मामंजींनी मला विचारलं, "सूनबाई, तू मागं इचारलंस?"

तेव्हा बोलता आलं असतं. एवढंच तर म्हणायचं होतं — मामंजी, चुकलं. पण तेरा तोंडं माझ्याकडं बघत होती, आणि तोंडातून आलं, "व्हय. मागून 'हाय' आलं, म्हनून म्या पुढं दिलं."

गौराक्का ओल्या अंगानं बसली होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, म्या हात केला की गं. तुला दिसला न्हाय?"

"न्हाय दिसला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्या आवाज दिला न्हाय." बस्स, एकदाच. पुन्हा कुणी काही विचारलं तरी तोंड उघडलं नाही. आणि विश्वास कुणावर ठेवायचा? एकीकडं म्होरक्याची सून. दुसरीकडं बाईमाणूस असून गाडी हाकणारी विधवा. लोक म्हणाले, मागं राहिल्याची लाज वाटली असेल, म्हणून दिला आवाज खोटा. सगळ्यांना पटलं. माझा नवरा मला म्हणाला, "तू रडू नको, तुजा काय दोष?" मी आणखी रडले. त्या रडण्याचं काय म्हणता तुम्ही? मला त्याचीही लाज वाटते.

परतीची सगळी वाट गौराक्का आमच्याच गाडीत होती. माझ्या शेजारी, मागं पाय सोडून. पाखऱ्याला आमच्या गाडीमागं बांधलं होतं. मानेवर जू नसूनही तो डावीकडं दबून चालायचा, उजवीकडं एका बैलाची जागा सोडून. कोल्हापूरपर्यंत तसाच चालला, मिरजेच्या पुढंही तसाच. आम्ही दोघी दिवसभर ते बघत बसायचो. मी भाकरी दिली की ती घ्यायची. मी पाणी दिलं की प्यायची. आणि म्हणायची, "ठेव सूनबाई."

सूनबाई. खारी म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं. माझ्या मागं लागलेलं ते नाव तिनं आपणहून काढून घेतलं, आणि तेव्हाच मला समजलं, हिला सगळं ठाऊक आहे. तरी तिनं मामंजींना सांगितलं नाही. मी वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. ती बहुतेक माझी वाट बघत होती.

पुढच्या शिमग्यानंतर सहा गाड्या निघाल्या. ती वेशीपर्यंत आली होती, पाखऱ्याचं दावं हातात धरून. कुणी तिला थांब म्हणालं नाही, कुणी चल म्हणालं नाही. शेवटची गाडी आता आमची होती. मामंजींनी वेशीबाहेर हाळी दिली, "मागं हाय का?" ती माझ्यापासून चार हातांवर उभी. आता तो आवाज मी द्यायचा होता. नवऱ्यानंच "हाय" म्हटलं.

नंतर ती होटगीकडं बहिणीच्या आसऱ्याला गेली. रेल्वेच्या कामावर खडी फोडायची असं ऐकलं. एकदा मोहोळच्या बाजारात दिसली, केस पांढरे, बोटांना चिंध्या बांधलेल्या. माझ्या कडेवर लेक होती. तिनं लेकीच्या गालाला हात लावला, "तुज्यावानीच हाय गं, सूनबाई," म्हणाली. मी म्हटलं, उन्हाची कुठं निघालीस. हेच म्हटलं मी! दुसरं काही नाही. ती गर्दीत गेली. ती वारल्याचा निरोप आला तेव्हा मी घरी होते, होटगी काही लांब नाही, आणि मी गेले नाही.

मामंजी असेतोवर मी मनाशी म्हणायची, हे गेले की सांगेन. मग नवरा होता. आता तो नाही, ती नाही, त्या चौदातलं माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही. ज्यांच्यापुढं बोलायला हवं होतं ते सगळे गेल्यावर मी लिहिते आहे. सोलापुरात लेकाच्या घरी, पंख्याखाली बसून. अक्षरं मी फार उशिरा शिकले, दुकानांच्या पाट्या बघून बघून. पण बोलता तर तेव्हाही येत होतं.

काल नातवंडं पुन्हा म्हणाली, आजी, खारं पिठलं. मी सांगितलं. ती हसली. मी तिथंच थांबले.

पुढं असं आहे. तिनं हात केला होता. मला तो दिसला होता.