नवमीला धनुष्य उचलायचं नसतं

शेजारच्या म्हाताऱ्याचा खांदा कायमचा गेला, तेव्हा त्यानं आपलं टोकांना उलटं वळलेलं लाकडी रिकर्व्ह धनुष्य मला आणून दिलं. "भिंतीवर टांगू नकोस. हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला की माझ्यासमोर याचा एक बाण सोड, बास," म्हणाला. इथं परदेशात, ट्रॉय शहरात तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेला माणूस मी. आमच्याकडे झुरळसुद्धा बायको मारते. पण त्याचे डोळे भरलेले बघून तोंडातून 'हो' निघून गेलं. नाही म्हणायची लाज, दुसरं काय!

मग लायसन्स काढलं आणि दोन महिने धनुष्य लावत बसलो. मारायचं मारू पुढे, लावायला आपलं काय जातंय! दोरी चढवायची, मुठीपासून तिचं अंतर पट्टीनं मोजायचं, कमी भरलं की उतरवून चार पीळ द्यायचे, पुन्हा चढवायची. बाण अडकवायच्या जागी दोरा गुंडाळला. आवाज मरावा म्हणून दोरीला लोकरीचे गोंडे बांधले. सगळ्याची स्प्रेडशीट केली. म्हातारा म्हणाला, "पट्टी ठेव. कानानं लाव. दोरी वाजली की हरीण पळालंच." शेवटी अशी लागली की बाण सुटला तरी नुसता उसासा. बायको म्हणाली, "अहो, इतकी मेहनत संसारात घेतली असतीत तर!"

आणि सीझन उघडायचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. माझ्या जिवात जीव आला. उभ्या जन्मात मी शस्त्रपूजा केली नव्हती. नवमीला काय, लक्ष्मीपूजनालाही ऑफिसात असायचो. त्या दिवशी मात्र पहाटे आंघोळ करून धनुष्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, सोबतीला पाना-पक्कड आणि भाजीची सुरी मांडली आणि म्हाताऱ्याला फोन केला. "आज आमच्याकडे हत्यारं पूजेत असतात. उचलायची नसतात. धर्म आहे, काय करणार!"

तो शिकारीच्याच कपड्यांत आला. टोपी काढून पाटासमोर उभा राहिला, बराच वेळ. "इतका मान याला कुणी दिला नव्हता," म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग उद्या?" त्यानं विचारलं. 'उद्या दसरा' म्हणायला मी तोंड उघडलं, तोच बायकोनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. "उद्या तर सीमोल्लंघन! पूर्वी लोक लढाईला निघायचे. खुशाल घेऊन जा यांना." घरभेदी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी रानात ओकच्या झाडाखाली आम्ही दोघं बसलो, तो माझ्या मागे. पंधरा पावलांवर हरीण आलं. मी अर्धी दोरी ओढली आणि हात तिथंच थांबला. काही केल्या पुढे जाईना. हरणानं चार ओकफळं खाल्ली आणि निवांत निघून गेलं. मी दोरी हळूच सैल केली.

"सोडला," मी कुजबुजलो. "चुकला."

बाण दोरीला तसाच अडकलेला होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धड असलेल्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"फार छान लावलंस धनुष्य," म्हणाला. "बाण सुटलेला मलासुद्धा ऐकू आला नाही."