प्रेसचा दुसरा ठोका

प्रेसचा रॅम दुसऱ्यांदा खाली आला तेव्हा वंदनाताईंचा हात डायपासून वीतभर लांब होता. बटण कोणीच दाबलं नव्हतं.

मी मेन स्विच बंद केला. नागपूरजवळ हिंगण्याच्या त्या कारखान्यात पत्र्याचे ब्रॅकेट बनतात. पॉवर प्रेसचा रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, आदळून एका ठोक्यात पत्र्याला आकार देतो. नवी घेण्याऐवजी जुनी घेऊन दुरुस्त करू, हे तिथला मेंटेनन्स बघणारा म्हणून मालकांना मीच पटवून दिलं होतं. बॉडी भक्कम होती. बेअरिंग, ब्रेक लायनिंग, वायरिंग आम्ही नवं टाकलं. आज ट्रायल होती. उद्या कस्टमर पाहायला येणार होता.

ऑपरेटर वंदनाताई स्टुलावर बसून होत्या. ‘‘मी बटन सोडून देलं होतं सर. माल काढाले हात नेऊन राहिली होती.’’

मालक केबिनमधून आले. ‘‘काहून बंद केली?’’

मी सांगितलं. मग डाय रिकामी ठेवून प्रेस चालवली. बराच वेळ एकदाही चुकली नाही. मालक निवांत झाले. मी नाही. सतत होणारा बिघाड सापडतो. कधीतरीच होणारा कुठे शोधायचा?

‘‘होते एखाद वेळी,’’ मालक म्हणाले. ‘‘उद्याचा दिवस निघू द्या.’’

‘‘उद्या हिच्यावर कोणाले बसवता?’’ मी विचारलं.

ते वंदनाताईंकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘खोला.’’

या प्रेसचा क्लच हवेवर चालतो. व्हॉल्व्हमधून हवा आत गेली की रॅम खाली येतो, बाहेर पडली की ब्रेक लागतो. तो व्हॉल्व्ह जुनाच होता. चांगला दिसला म्हणून साफ करून परत बसवलेला. उघडला तर आतलं रबर सील तेलाने फुगलेलं. गरम झालं की अडकायचं, हवा आतच राहायची आणि रॅम पुन्हा यायचा.

मी डबल व्हॉल्व्ह मागवला. त्यात एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो. नागपुरात मिळाला नाही, पुण्याहून यायला वेळ लागला. कस्टमरने अर्धी ऑर्डर दुसरीकडे वळवली. व्हॉल्व्ह येईपर्यंत मालक माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

व्हॉल्व्ह बसल्यावर बरेच ठोके रिकामे मारले. मग पहिला ब्रॅकेट मी स्वतः काढला. वंदनाताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

‘‘अजून काढा सर,’’ त्या म्हणाल्या.

मी काढत राहिलो. ट्रे भरत आला तेव्हा त्या जागेवर बसल्या.

प्रेस अजून चालू आहे. मशीनचं लोखंड खुशाल जुनं घ्यावं. तिला थांबवणारे भाग मात्र नवेच टाकावेत, जुने कितीही चांगले दिसले तरी.