मंगळवारचं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी किती बुरशी गिळली ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यांनी आकडा सांगितला की काळ्या दगडावरची रेघ. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायच्या. मी त्यांना माणूसघाण्या म्हणायचे, पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही.

मोजायच्या पेशीही त्यांच्याच असत. नऊ वर्षं, दर मंगळवारी दहाला त्या खुर्चीत बसत, बाही दुमडत आणि मी रक्त काढत असे. आधी अर्ज भरायचा: ताप नाही, औषध नाही. मग पेशी दोन बशांत बुरशीबरोबर ठेवायच्या. एका बशीत बुरशीवरचं औषध, दुसरी कोरी. औषध एकट्यानं बुरशीचा निकाल लावत नाही, तिला लुळी करतं. उरलेलं काम पेशी करतात. ते किती होतं, हेच आम्ही पाहत होतो. कोऱ्या बशीत बुरशी माजायची, हे ठरलेलं.

यंदा मात्र लागोपाठ तीन मंगळवार कोऱ्या बशीतही बुरशी मेली. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, हवेत तरंगायला लागले! या पेशींत काहीतरी जगावेगळं आहे म्हणून त्यांनी लेखसुद्धा लिहायला घेतला. मोजणीबाईंचा चेहरा तेवढा पडलेला.

चौथ्या मंगळवारी मी दंडाला पट्टा बांधणार, तोच त्या म्हणाल्या, "थांब. माझं रक्त घेऊ नकोस. पायाच्या नखाला बुरशी झालीय. महिनाभर गोळ्या खातेय मी."

मी कपाळावर हात मारून घेतला. औषध पोटातून रक्तात, रक्तातून पेशींत शिरलेलं. पेशी कितीही धुतल्या तरी ते आत लपून कोऱ्या बशीत पोहोचलेलं.

"मग अर्जावर 'औषध नाही' असं का लिहिलंत?"

"खरं लिहिलं असतं तर तू दुसऱ्याला बसवलं असतंस." त्या जमिनीकडे बघत होत्या. "शीर शोधताना तू माझा हात हातात घेतेस. नंतर कापूस दाबून धरतेस. बाकी आठवडाभर मला कुणाचा हात लागत नाही गं."

नऊ वर्षं मी तो हात धरून फोनवर नवऱ्याशी भाजीबद्दल बोलत आले होते. माझी मलाच लाज वाटली.

"मग आता तरी कशाला सांगितलंत?"

"खोटा आकडा छापला जाईल. माझा आकडा आहे तो."

सरांनी लेख फाडला, आरडाओरडा केला आणि बाईंचं रक्त घेणं कायमचं बंद केलं. पेशी औषध लपवून नेतात हाच खरा विषय आहे, हे सरांच्या डोक्यात दोन दिवसांनी शिरलं. तोवर बाईंना नको नको ते बोलून झालं होतं.

पुढच्या मंगळवारी दहाला खुर्चीत शिपाई बसला. मोजणीबाई पाठमोऱ्या, डोळा सूक्ष्मदर्शकाला. डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली. सवयीनं दुमडली असणार.

शिपायाला कापूस स्वतःच दाबायला सांगून मी त्यांच्याजवळ गेले. बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावायला घेतलं आणि लावतच राहिले.

"सोड, मोजणी चुकतेय," त्या म्हणाल्या. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.