विलायतेतलं एक वाक्य

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्या दिवसांबद्दल मायेने लिहिणार आहे, आणि त्या मायेखाली ती झाकली जाऊ नये असं मला वाटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीवर मी सगळ्यांसमोर कॉपीचा आळ घेतला. तिने कॉपी केली नव्हती. ती हे सांगायला उठली, तेव्हा मी तिला सांगूही दिलं नाही.

मी नागपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती. अकरावी-बारावीच्या निवडक मुलांसाठी शाळेने ‘अ‍ॅडव्हान्स इंग्लिश’चा वेगळा वर्ग काढला आणि तो माझ्याकडे आला. सकाळी, शाळा भरायच्या आधी. रिकामी खोली नव्हती म्हणून आम्हाला गच्चीवरची, पाण्याच्या टाकीला लागून असलेली खोली मिळाली. मुलांनी आठवड्याभरात तिचं नाव ‘विलायत’ ठेवलं. खाली कोणी विचारलं, “कुठे चालला बे?” की उत्तर यायचं, “विलायतले.” पुढे शिपाईसुद्धा मला येऊन सांगायचा, “सर, विलायतेचा नळ गळून राहिला.”

त्या खोलीइतकं सुख मला नंतर कुठल्याच वर्गात मिळालं नाही. थंडीत आम्ही बाक उचलून बाहेर उन्हात मांडायचो. शेजारच्या इमारतीतून कुकरच्या शिट्ट्या यायच्या. कविता वाचताना शिट्टी झाली की वाचणारा थांबायचा आणि सगळे मिळून शिट्ट्या मोजायचे. तिसरीनंतर कोणीतरी गंभीरपणे जाहीर करायचं की आता वरण झालं. एका शब्दाच्या स्पेलिंगवरून दोन मुली दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. हे सगळं अर्थातच इंग्रजीत चालायचं, मोडक्यातोडक्या का होईना. कारण विलायतेचा एक नियम होता: उंबरठा ओलांडला की मराठी बंद.

नियम माझाच. मी उमरेडकडचा, विणकरांच्या घरातला. घरी आम्ही मले-तुलेच बोलायचो. कॉलेजात पहिल्यांदा प्राध्यापकांना इंग्रजीत उत्तर देताना मध्येच माझ्या तोंडून ‘का’साठीचं आमचं ‘काहून’ निघून गेलं आणि मागचे बाक खदखदून हसले. त्यानंतर मी माझ्या तोंडावर पहारा बसवला. इंग्रजी कमावली, पुस्तकी मराठी कमावली. गावी गेलो की आई म्हणायची, “पाहुण्यासारखा काहून बोलते गा?” मुलांवर तसं हसलं जाण्याची वेळ येऊ नये म्हणून नियम केला, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

ती मुलगी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, इथे मामाकडे राहायची. घरी मोसंबीचा बगीचा. वर्गात ती फार कमी बोलायची, पण लिहायची ते नेमकं. बोलायला उठली की आधी छताकडे पाहायची, जणू वाक्य तिथे टांगलेलं आहे. तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा तो मुलगा अगदी उलट. पहिलीपासून इंग्रजी शाळेतला, शहरातला, इंग्रजी बोलताना खांदे उडवणारा. मला तो आवडायचा. मला जसं व्हायचं होतं, तसाच तो होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सुट्टीला, मी जादा तास ठेवला होता. अभ्यासक्रम मागे पडला होता. नागपुरात त्या दिवशी तास ठेवणारा मास्तर वेडाच म्हणायचा. अख्खं शहर काळ्या-पिवळ्या मारबतींच्या अगडबंब पुतळ्यांची मिरवणूक बघायला इतवारीत लोटलेलं असतं. आले दोघंच: ती आणि तो. तिने घरच्या बागेतली मोसंबी आणली होती. शिकवण्याचा बेत मी सोडून दिला, मोसंबी सोलली, आणि लांबून ढोलताशाचा आवाज येत होता त्यावरूनच बोलत बसलो. दुसऱ्याचं पाप ज्याच्या माथी मारून त्याला गावाबाहेर हाकलतात त्याला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणतात, हे त्यांना मारबतीवरून समजावलं. आपल्या बाया नाही का ओरडत, खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा गे मारबत! आणि बोलता बोलता इंग्रजीत एक वाक्य बोलून गेलो. मराठीत त्याचा अर्थ असा: साऱ्या शहराचा खोकला जिच्या अंगावर टाकतात, ती स्वतः कधी खोकत नाही.

मी ते बोललो आणि विसरलो. दिवसभरात मास्तर किती बोलतो! त्या दोघांनी मात्र ते उचललं.

दिवाळीनंतर वर्गातच निबंध लिहून घेतला. विषय होता आपल्या शहरातला एक दिवस. दोघांनीही मारबतीवर लिहिलं, आणि दोघांच्याही निबंधात ते वाक्य होतं, शब्दाला शब्द. बाक शेजारी. मला जराही शंका आली नाही. असं वाक्य कोणाला सुचेल आणि कोणाला नाही, हे मी कागद हातात घेतानाच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी मुलाचा निबंध मोठ्याने वाचून दाखवला. त्या वाक्यावर थांबलो, त्याची तारीफ केली. मग तिचा कागद उचलला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. वर्गात कुजबुज सुरू झाली. मी मुलाला विचारलं, तू तिला तुझा कागद दाखवलास का? तो म्हणाला, नाही सर.

ती उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

“सर, ते वाक्य त्याचं नाही ना. ते तं त्या दिवशी...”

“इन इंग्लिश,” मी म्हणालो.

तिने छताकडे पाहिलं. ‘सर, दॅट डे’ म्हणाली. मग ‘युवर’ म्हणाली आणि अडकली. मी म्हणालो, माझं काय? कोणीतरी हसलं. ती खाली बसली. मी त्या बसण्याला कबुली समजलो.

“उद्यापासून वर येऊ नको,” मी म्हणालो. हे वाक्य मात्र मी मराठीत बोललो. नियम माझ्याच हाताने मोडला, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तास सुटल्यावर मुलं जिना उतरत होती. मी मागे होतो. पायऱ्यांवर कोणीतरी म्हणालं, “चोट्टी!” आणि मग दोन-तीन आवाज एकदम, “विलायतची चोट्टी!” ती पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी सगळं स्पष्ट ऐकलं. तिथल्या तिथे एकाचा कान धरता आला असता. नाही धरला. मनात आलं, भोगू दे थोडं.

नंतर ती खाली, नेहमीच्या वर्गात साधं इंग्रजी शिकली आणि चांगल्या मार्कांनी बारावी झाली. जिन्यात भेटली की भिंतीला लागून उभी राहायची, मी जाईपर्यंत. विलायत आणखी काही वर्षं चालली, मग बंद झाली. खोलीत मोडके बाक जमा झाले. मला त्या सकाळी अनेकदा आठवायच्या, अजून आठवतात. कुकरच्या शिट्ट्या, उन्हात वाळणारी मोसंबीची सालं. त्या आठवणींत ती मुलगी असायची, पण एका कोपऱ्यात, ‘वाईट झालं, पण करावं लागलं’ अशा सदरात.

गेल्या पावसाळ्यात बारावीला शिकवताना पुन्हा तो शब्द आला, स्केपगोट. कोणाला कळेना. मी म्हणालो, मारबत पाहिली ना तुम्ही? आणि बोलता बोलता माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. पूर्ण, शब्दाला शब्द, घडी करून ठेवलेल्या धोतरासारखं. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. तसाच राहिलो. पाठीमागून एक मुलगी म्हणाली, “सर, बीपी वाढला काय? खुर्ची देऊ?”

तरीही मी मनाशी सबबी शोधत होतोच. कदाचित मी ते त्या निबंधातूनच उचललं असेल, असं म्हणून पाहिलं. शनिवारी सीताबर्डीला गेलो. तो मुलगा आता तिथे चष्म्याचं दुकान चालवतो, माझा चष्माही त्याच्याकडचाच. पोट सुटलंय, पण खांदे अजून उडवतो.

“ते वाक्य?” तो हसला. “सर, ते तं तुमचंच होतं! मारबतीच्या दिवशीचं. मोसंबी खात होतो आपण.”

“मग तू तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलं, कागद दाखवला का. मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता दाखवला.” हातातली काच तो पुसतच राहिला. “मला वाटलं, सरांना आठवत असेल. स्वतःचं वाक्य कोण विसरतं? अन् खरं सांगू का, तुम्ही इतकी तारीफ केली ना, मला ते माझंच वाटायला लागलं होतं.”

तेव्हा तो सतरा वर्षांचा पोरगा होता. मी मास्तर होतो.

ती सावनेरच्या एका बँकेत आहे, हे त्याच्याकडूनच कळलं. म्हणाला, बॅचचं गेट-टुगेदर दरवर्षी होतं, सगळे येतात, ती एकदाही आली नाही. फोन करू का, म्हणाला. मी नको म्हटलं आणि एका दुपारी एसटीने सावनेरला गेलो.

तिने मला काचेपलीकडून ओळखलं आणि लगेच उभी राहिली.

“सर! तुम्ही इथं? केवायसी राहिलं काय?”

“नाही. तुझ्याकडेच आलो.”

“माह्याकडे? इतक्या दूर काहून आले? फोन करायचा ना.” तिने शेजारच्या मुलाला सांगितलं, “हे माझे इंग्रजीचे सर. पाणी आण गा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उन्हात टोपी नाही घातली तुम्ही?”

तिची ती काळजी मला सहन होईना. मी तिथेच, खुर्चीच्या कडेवर बसून, सुरुवात केली. त्या निबंधातलं वाक्य माझं होतं, मला आत्ता आठवलं, मला माफ...

तिने हात वर केला, काउंटरवर गर्दीला थांबवतात तसा.

“इथं नको, सर.”

“मग बाहेर बोलू का?”

“बाहेरही नको.” तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “इथं मले कोणी चोट्टी म्हटलं नाही. इथं माफी मागून काय करता? हे लोक तं विचारतील, मॅडमनं केलं तरी काय होतं?” ती थोडी हसली, मग हसू गेलं. “बॅचवाले दरवर्षी बोलावतात. मी म्हणते, पोरीची परीक्षा आहे. पोरगी पहिलीत होती तेव्हापासून परीक्षाच आहे तिची. तिथं गेलं की कोणी ना कोणी गमतीत म्हणेल ना ते. गमतीतच म्हणतील. पण म्हणतील.”

पाणी आलं. मी प्यायलो. यावर्षी ये, असं म्हणायचा मला अधिकार नव्हता, तरी म्हणालो. ती म्हणाली, “पाहू.”

गेट-टुगेदर हिवाळ्यातल्या एका रविवारी शाळेतच ठरलं. मी शिपायाला सांगून विलायतेची खोली उघडून घेतली होती. मुलांनीच, म्हणजे टक्कल पडलेल्या, पोटं सुटलेल्या माझ्या मुलांनी, मोडके बाक बाजूला सारून झाडलोट केली. तर्री-पोहे वर आणले. कोणीतरी उंबरठ्यावर उभं राहून ओरडलं, “मराठी बंद!” आणि सगळे हसत सुटले. शेजारच्या इमारतीच्या जागी आता उंच फ्लॅट झालेत, शिट्ट्या ऐकू येत नाहीत. तेवढं वगळता ऊन तसंच होतं, त्याच कोपऱ्यात. मला ते सगळं फार आवडत होतं, आणि मी सारखा दाराकडे पाहत होतो.

ती पोहे संपल्यावर आली. खांद्याला पर्स, दारातच थांबली. आवाज हळूहळू कमी झाले. मागून कोणीतरी खरंच तोंड उघडलं, “अरे, विलायतची...” आणि चष्मेवाल्याने त्याच्या पाठीत धपका घातला. तिने ते ऐकलं. पर्सचा पट्टा घट्ट धरला. आत आली नाही, पण परतही गेली नाही.

मी उठून टेबलाजवळ उभा राहिलो, जिथे तेव्हा उभा होतो तिथेच. चार इंग्रजी वाक्यं मी आठवडाभर घोकली होती. ‘डियर स्टुडंट्स’ म्हणालो आणि तिच्यासारखंच छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग मी कॉलेजपासून तोंडावर बसवलेला पहारा उठवला आणि आईशी बोलायचो तसा बोललो.

“तुमाले सगळ्याईले सांगतो. ते मारबतीचं वाक्य माहं होतं. मीच बोललो होतो, अन् मीच विसरलो. हिनं कोणाचं पाहून लिहिलं नव्हतं. हे सांगाले ही उठली होती, तं मी म्हटलं, इंग्रजीत सांग. पायऱ्यांवर हिले चोट्टी म्हटलं, ते मी आयकलं अन् चूप राहिलो. हिची काही चूक नव्हती. माहं चुकलं. माफ कर मले, माय.”